लुगड्याची गोधडी आणि खुर्चीची गादी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मार्च सरत आला की आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. कापसाची वेचणी कधीच उरकलेली असते, गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अजून अवकाश असतो. अमळनेरकडच्या आमच्या गावात गोधड्या शिवायचा हंगाम हाच. थंडीत लागणारी वस्तू भर उन्हात का शिवतात, हे कोडं मला लहानपणी पडायचं. नंतर कळलं, बायकांचे हात रिकामे असतात ते तेव्हाच. पावसाळ्यात ओल लागलेलं कापड आत शिवलं गेलं तर गोधडीला कायमचा कुबट वास बसतो, तो प्रश्नही उन्हाळ्यात नसतो.

मी मात्र शिकले उशिरा, चौतिशी उलटल्यावर, फुईकडून (फुई म्हणजे आत्या, खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते). पहिली गोधडी बिघडवली. त्याच वर्षी घरातल्या चार खुर्च्यांच्या फाटलेल्या गाद्याही बदलायला घेतल्या आणि त्यातली पहिलीही बिघडवली. दोन्ही कामं इथे एकत्र सांगते आहे, कारण दोन्हींत सगळा खेळ कापडाच्या ताणाचा आहे. फक्त नियम उलटे. गोधडीत कापड ओढायचं नाही, खुर्चीत ओढल्याशिवाय चालायचं नाही. मी नेमकं उलट केलं होतं.

पहिली गोधडी किती मोठी करायची?

लहान. बाळाच्या दुपट्याएवढी, ३० इंच बाय ४० इंच. हे का, ते आकड्यात बघा. गोधडीवर धावदोऱ्याच्या ओळी एक-एक इंचावर घातल्या, तर ३० बाय ४० ला मिळून साधारण १,२०० इंच, म्हणजे १०० फूट शिलाई होते. मोठ्या माणसाची ६० बाय ९० ची घेतलीत, तर तीच शिलाई ४५० फूट. नवख्या हाताला एक फूट नीट घालायला पाच-सहा मिनिटं लागतात. लहान गोधडी रोज तासभर बसून दहा-बारा दिवसांत होते. मोठी दीड महिना पुरते, आणि बहुतेकींची तिसऱ्या आठवड्यात घडी होऊन कपाटावर जाते ती तिथेच राहते. माझी गेली होती.

कापड

गोधडीचं कापड वापरून मऊ झालेलं हवं. नवं कोरं कापड आणून गोधडी शिवता येते, पण ती अंगावर बसत नाही, ताठ उभी राहते. शिवाय नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आधीच आटून बसलेलं असतं. दोन्ही एकत्र वापरलंत तर धुतल्यावर नवं आखडतं, जुनं तसंच राहतं आणि मध्ये चुण्या पडतात. नवं वापरायचंच असेल तर आधी दोन वेळा भिजवून, धुऊन, वाळवून घ्या.

नऊवारी लुगडं म्हणजे साधारण ८.२ मीटर, सहावारी साडी म्हणजे ५.५ मीटर. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुधा ४४-४५ इंचाचा. साडी लांबीत ३४-३४ इंचांवर कापत गेलात तर एका सहावारीतून ३४ बाय ४४ चे ६ तुकडे निघतात. म्हणजे आख्खी लहान गोधडी एका साडीत बसते. निऱ्यांचा भाग आणि खालचा काठ बहुतेक विरलेला असतो. कापड उजेडासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर तो तुकडा आतल्या थरात घालायचा, वरच्या थराला नाही.

सुती कुठलं आणि पॉलिस्टर कुठलं, हे हाताला कळलं नाही तर एक धागा उसवून चिमट्यात धरून काडी लावा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि मागे राख उरते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टर आत घातलंत तर गोधडी उबदार लागेल, पण घाम शोषणार नाही आणि थर एकमेकांवरून सरकत राहतील. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, पण तीच गोधडी मेमध्ये धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) अंथरायलाही लागते. तेव्हा सुतीच बरं.

जरीचे काठ काढून टाका. टोचतात, आणि सुई त्यात अडकते. डागांचं एवढं मनावर घेऊ नका. रावेर-यावलकडच्या घरांत केळीच्या चिकाचे तपकिरी डाग पडलेले कपडे ढिगाने निघतात. तो डाग जन्मात जात नाही, पण आतल्या थरात त्याला कोण बघतंय?

बाकी सामान

जाड सुती दोरा घ्या. बाजारात 'गोधडीचा दोरा' म्हणून मागितला की देतात. शंभर फूट शिलाईला आत-बाहेर होण्यात जाणारा दोरा धरून ३५ मीटर पुरतो, पण गाठी आणि चुका धरून ५० घ्या. लांब डोळ्याच्या चार-पाच सुया लागतील. कात्री धारदार हवी, कागद कापायची नको. मधल्या बोटाला घालायला अंगुस्तान घ्या. ते पहिल्या दिवशी नकोसं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी शोधावं लागतं. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर कमी गुंततो. एवढंच. शिलाई मशीन लागत नाही. घरच्या मशीनवर चार-पाच थर सरकवायला गेलात तर खालचा थर पुढे पळतो आणि वरचा मागे राहतो.

पसरणं आणि कच्चा टाका

सगळी गोधडी इथे बिघडते किंवा सुधारते. सावकाश वाचा.

फरशी पुसून कोरडी करा. सर्वांत खालचा तुकडा ३४ बाय ४४ चाच ठेवा आणि पालथा, म्हणजे उलटी बाजू वर करून, पसरा. आतले दोन थर आणि वरचा एक थर ३० बाय ४० ला कापून घ्या. पहिल्या वेळी एकूण चारच थर. सहा थरांतून सुई काढायला मनगटात जोर लागतो. आतले थर अख्खे असायला हवेत असं नाही. तुकडे असतील तर एकमेकांवर बोटभर चढवून पसरा, कडेला कड भिडवू नका. भिडवलेल्या जागी पुढे भेग पडते आणि पांघरल्यावर तिथून गार वारं शिरतं.

प्रत्येक थर पसरला की तळहाताने मधून कडेकडे फिरवा. दाबायचं नाही, ओढायचंही नाही. विस्तवावरच्या भाकरीवरून हात फिरवावा इतक्या हलक्या हाताने. फुई या वेळी माझ्या मनगटावर चापट मारायची, कारण मी प्रत्येक सुरकुती कोपऱ्यातून ओढून काढायचे. ओढलेलं कापड त्या क्षणी सपाट दिसतं. रात्रीतून ते आपल्या जागी परत येतं आणि सकाळी गोधडीच्या पोटात फुगा आलेला असतो. सुरकुती ओढून घालवायची नसते. तो थर उचलायचा, झटकायचा आणि पुन्हा टाकायचा.

चारी थर बसले की कोपऱ्यांवर वजन ठेवा. पाटा-वरवंटा, तांब्या, काहीही चालेल. आता कच्चा टाका. साध्या पातळ दोऱ्याने, दोन-दोन इंचांचे मोठे टाके, आणि सुरुवात मधून. मध्यापासून एक ओळ वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे, मग चार तिरक्या ओळी कोपऱ्यांकडे. जिथे जास्तीचं कापड असेल ते असं कडेकडे ढकललं जातं. हा दोरा शेवटी उसवून काढायचा आहे, त्यामुळे भडक रंगाचा घ्या. मी पहिल्या वेळी पांढऱ्या कापडावर पांढरा घातला होता, आणि त्यातला थोडा त्या गोधडीत आजही आहे.

जुन्या बायका कच्चा टाका घालत नाहीत, हे खरं. फुईही घालत नाही. ती थर पसरते, त्यावर बसते आणि स्वतःच्या वजनाने कापड जागेवर धरून कडेपासून शिवत जाते. तिने शंभरावर गोधड्या शिवल्यात. तुम्ही घाला.

कड

खालचा तुकडा चारी बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर आला असेल. त्याची एक इंच घडी आत, मग आणखी एक इंच घडी वरच्या थरावर. चौकट आपोआप तयार होते, वेगळी पट्टी लावायला नको. लांब बाजू आधी मोडा, आखूड नंतर. घडीच्या अगदी काठाशी धावदोरा घाला, सगळे थर पकडले गेले पाहिजेत.

कोपऱ्यात चार घड्या एकत्र येतात आणि जाड गाठोडं होतं. सुई जात नसेल तर आतल्या दोन थरांचे कोपरे थोडे कातरून टाका. काही बायका कोपऱ्यावर रंगीत चिंधीचा दुमडलेला त्रिकोण बसवतात. शोभा आहेच, पण गोधडी ओढताना हात नेहमी कोपऱ्यालाच जातो आणि पहिल्यांदा तोच झिजतो, तेव्हा वरचा त्रिकोण झिजतो आणि खालचा कोपरा वाचतो.

धावदोरा

आता मुख्य काम. दोरा दोन हातांपेक्षा लांब घेऊ नका. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा येतो म्हणून सगळे नवखे लांब दोरा घेतात, आणि मग तो सोडवत बसण्यात दुप्पट वेळ जातो. दोऱ्याच्या टोकाला एक गाठ मारा, सुई वरच्या थरातून आत घाला, इंचभर पुढे बाहेर काढा आणि हलका हिसका द्या. गाठ टप् असा आवाज करून आत शिरते. नाही शिरली तर गाठ मोठी आहे.

सुई धरायची पद्धत: उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीच्या खाली. सुईचं टोक खालच्या बोटाला जरा टेकलं की समजायचं, चारी थर पार झाले. लगेच टोक वर वळवायचं. असे चार-पाच टाके सुईवर चढवायचे आणि मग एकदम दोरा ओढायचा. खालच्या बोटाला पहिले दोन दिवस टोचेल, चिकटपट्टी लावा. टोचू नये म्हणून बोट दूर ठेवलंत, तर खालचा थर निसटतो. वरून सुंदर दिसणारी ओळ उलटवून बघितली की मागे निम्मे टाकेच नसतात.

टाक्याचं माप फुईने मला अहिराणीत सांगितलं, ते तसंच देते: "टाका तांदुयना दाणाएवढा घाल." तांदळाचा दाणा, म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. सगळे टाके सारखे येणार नाहीत, येऊही देत. पण दोन टाक्यांमधली जागा आणि टाका यांची लांबी बरोबरीची ठेवायचा प्रयत्न करा. दोरा ओढताना कापड सपाट झालं की थांबा. आणखी अर्धा इंच ओढलात तर ओळ आकसते, आणि शंभर फुटांत असं आकसत गेलं की ३० इंची गोधडी २७ इंचांची होते आणि मध्ये तंबू उभा राहतो. यावरही फुईचं एक वाक्य आहे: "धागाले ओढू नको, तो रुसी जाई." प्रत्येक ओळ संपली की त्यावरून अंगठा फिरवा. दोरा मोकळा होऊन कापडात बसतो.

ओळींची दिशा: कडेपासून एक इंच आत पहिली चौकट, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा चौकटीत चौकटी मध्यापर्यंत. कोपऱ्यावर गोलाई देऊ नका, सुई तिथेच खुपसून काटकोनात वळा. इंच कसा मोजायचा? अंगठ्याच्या पेऱ्याने. पट्टी-खडूने आखलेल्या ओळी सरळ येतात खऱ्या, पण आखत बसलात की शिवणं राहतं.

दोरा संपत आला की त्याच जागी दोन उलट टाके घाला, सुई थरांच्या मधून इंचभर पुढे नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडाला लागून कापा. टोक आत राहतं.

मध्यापर्यंत पोहोचलात की शेवटी वीतभर चौकोन उरतो. फुई तो बंद करण्याआधी ज्वारीचे चार दाणे आत सोडते. गोधडी उपाशी ठेवू नये म्हणते. मी पण सोडते. किडे होतील अशी भीती घालणारे भेटतात, आमच्याकडे अजून तरी झालेले नाहीत.

मग कच्चा टाका उसवा, गोधडी उलटी करा आणि मागची बाजू उजेडात बघा. जिथे दोन बोटं सहज शिरतील इतका टाका सुटला असेल, तिथे परत घाला.

बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी, राजस्थान-सिंधकडची रल्ली, या सगळ्या एकाच कुळातल्या: जुनं कापड, थर आणि साधा धावदोरा. नक्षीच्या कल्पना हव्या असतील तर त्यांचे फोटो बघा. पण नक्षी दुसऱ्या गोधडीला.

धुण्याचं थोडक्यात. श्रावणात कानबाई (खान्देशातली देवी) बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. पूर्वी बैलगाडीत घालून नदीवर न्यायचे. हाताने शिवलेली गोधडी मशीनमध्ये पिळू नका. ओली गोधडी दोरीवर एका ठिकाणी लटकवली तर पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. गच्चीवर आडवी पसरा, दोन तासांनी उलटा.

आता खुर्ची

जेवणाच्या टेबलाच्या ज्या खुर्च्यांची बैठक वेगळी निघते, त्या नवख्यांनी घ्याव्यात. खुर्ची उलटी केली की चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिसतात. ते काढले की प्लायची फळी गादीसकट हातात येते. सोफ्याला इतक्यात हात लावू नका.

स्क्रू काढून वाटीत ठेवा. फळीच्या खालच्या पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलून पकडीने ओढा. चष्मा नसेल तर कसला तरी घाला, पिना उडतात. जुनं कापड फाडून फेकू नका, मापासाठी ठेवा. फळीच्या कडा आणि स्क्रूच्या भोकांभोवतीची जागा नखाने दाबून बघा. भुसा पडत असेल किंवा प्लायचे पापुद्रे सुटत असतील तर सुताराकडून तेवढ्याच मापाची फळी कापून आणा. कुजक्या फळीवर नवी गादी बसवणं म्हणजे दोनदा काम.

फोमबद्दल जरा खोलात सांगते, कारण इथे मी फसले. फोम घनतेवर विकतात: ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी वगैरे. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. रोज बसायच्या खुर्चीला निदान ३२ हवा. मी एका दुकानात ४० मागितला, पैसे ४० चे दिले, आणि चार महिन्यांत गादी पापड झाली. तेव्हापासून वजन करते. १८ बाय १८ इंचाचा, दीड इंच जाडीचा तुकडा ३२ चा असेल तर सुमारे २५५ ग्रॅम भरतो, ४० चा असेल तर ३२० च्या आसपास. तुमचा तुकडा दीडशे ग्रॅम भरला तर तुम्हाला काय दिलंय ते कळेलच. दुकानाशेजारी किराणावाला असतोच, त्याचा काटा मागा.

कापडाचा हिशोब: बैठक १८ इंच, दोन्ही बाजूंची फोमची जाडी दीड-दीड इंच, आणि खाली वळवून पिना मारायला दोन्हीकडे अडीच-अडीच इंच. एकूण २६. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो, म्हणजे आडवे दोन तुकडे बसतात. चार खुर्च्यांना ५२ इंच लांबी लागते. दीड मीटर घ्या. फोम दोन इंची घेतलात तर तुकडा २७ इंचांचा होतो, दोन मिळून बरोबर ५४, आणि किनारीचा वाया जाणारा भाग धरला की बसत नाही. हा हिशोब दुकानात जायच्या आधी करायचा असतो.

रेक्झीन की कापड? पुसायला रेक्झीन सोपं, घरात लहान मूल असेल तर मोह होतो. पण भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात रेक्झीनवर पंधरा मिनिटं बसून उठून दाखवा. मी जाड सुती कापड वापरते. मखमलीसारखं लव असलेलं कापड घेतलं तर हात फिरवून लव कुठल्या दिशेला पडते ते बघा आणि चारही तुकड्यांवर मागे खडूने बाण काढा. नाहीतर चारांतली एक खुर्ची कायम वेगळ्या रंगाची दिसते.

फळीला पातळ रबरी सोल्युशन लावून फोम चिकटवा. हे काम ओसरीत करा, वास डोक्यात जातो. फोमच्या वरच्या कडा कात्रीने किंचित उतरत्या कापा. त्यावर जुन्या सुती चादरीचा एक थर पसरा, म्हणजे वरचं कापड फोमला घासून लवकर झिजत नाही.

आता पिना मारणं. हाताने दाबायचा टॅकर आणि ८ मिलिमीटरच्या पिना आणा. प्लाय १२ मिलिमीटरचा असेल तर त्याहून लांब पिन नको, टोक फोममध्ये शिरेल.

कापड पालथं अंथरा, त्यावर फळी फोमसकट पालथी ठेवा. पुढच्या बाजूच्या मध्यावर एक पिन. मग कापड मागे ओढून मागच्या मध्यावर एक. मग डावीकडे मध्यावर, उजवीकडे मध्यावर. एवढ्या चार पिना मारून फळी सुलटी करून बघा: रेषा तिरकी झाली का, फूल मधोमध आलं का? आता उसवायला चारच पिना आहेत. नंतर साठेक असतील.

ठीक असेल तर प्रत्येक मध्यापासून दोन्हीकडे एक-एक इंचावर पिना मारत जा, समोरासमोर. पुढे तीन मारल्या की मागे तीन, मग डावीकडे, मग उजवीकडे. मी पहिल्यांदा एक बाजू पूर्ण मारून टाकली होती, मग समोरची ओढली, आणि सगळं जास्तीचं कापड एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलं. ओढायचं किती? फोमची कड दाबली जाऊन गोल दिसेल इतकं. कापडाची वीण ताणून जाळीसारखी दिसू लागली तर सैल करा. कोपऱ्यापासून दोन इंच अलीकडे थांबा.

कोपरा शेवटी. मधलं टोक फळीच्या मध्याच्या दिशेने ओढून एक पिन मारा. दोन्हीकडे कान उभे राहतील. एक कान दुमडून आत, त्यावर दुसरा, असं पाकिटासारखं बसवा. चारही कोपऱ्यांना एकाच बाजूचा कान वर ठेवा. घडी खालूनच दिसली पाहिजे, पुढून दिसत असेल तर पिन काढून परत करा.

आणि स्क्रूची भोकं! मी चारही भोकं कापडाखाली गाडून टाकली आणि मग खुर्ची बसवायला गेले. पिना मारायच्या आधीच भोकांच्या जागी आगकाडी खोचून ठेवा, म्हणजे कापड त्यावर येऊ लागलं की कळतं. आलंच तर तेवढी जागा टोच्याने मोकळी करा. टोच्या नसेल तर तापवलेला खिळाही चालतो. उरलेलं कापड कातरून खाली काळ्या अस्तराचा तुकडा मारला की पिना झाकतात आणि आतला भुगा जमिनीवर पडत नाही.

कापसाची गादी

बाकावर, झोपाळ्यावर किंवा लोखंडी पेटीवर टाकायला फोमपेक्षा कापूसच बरा. आपल्याकडे कापसाला तोटा नाही. घरची जुनी गादी दगडासारखी झाली असेल तर कापूस काढून उन्हात टाका आणि पिंजून आणा. धनुकली वाजवत येणारा पिंजारी आता क्वचित दिसतो, गादीवाल्यांकडे पिंजायचं मशीन असतं.

खोळ मांजरपाटाची, तीन बाजू मशीनवर दोनदा शिवलेली. कापूस कोपऱ्यांत आधी भरा, मध्ये शेवटी. कोपरे रिकामे राहिले तर नंतर कितीही थोपटा, भरत नाहीत. चौथी बाजू हाताने शिवा. मग हाताने थोपटून कापूस सारखा करा आणि दाभणात सुतळी ओवून सहा-सहा इंचांवर आरपार टाके घाला. वरून खाली, पाव इंच बाजूला खालून वर, आणि वर गाठ. गाठीखाली कापडाची चिंधी धरली तर सुतळी खोळीत शिरत नाही. हे टाके घातले नाहीत तर महिन्याभरात कापूस सरकून दोन टोकांना दोन डोंगर होतात.

एक शेवटचं. काम सुरू करताना सुया आणि दाभण मोजून डबीच्या झाकणावर आकडा लिहा, उठताना परत मोजा. एक कमी भरली तर कोणालाही गादीवर बसू देऊ नका, आधी जुन्या स्पीकरचा चुंबक सगळ्या गादीवरून फिरवा. आमच्या घरी हा नियम माझ्या नवऱ्याने केला आहे. कसा केला असेल, ते सांगायला नको.